पान्हा कोण चोरतं?

ऑफिसात एखादा सर्व्हर रात्री दोन वाजता झोपला की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते. कुणावर ओरडायचं नाही, फक्त 'असं का झालं?' हे पाच वेळा विचारायचं आणि उत्तरं लिहून काढायची, असा नियम. (ओरडतात ते नंतर, केबिनमध्ये बोलावून.) आजचा लेख त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की यात सर्व्हर नाही, एक वासरू आहे. अहेरीतलं, अठरा दिवसांचं.

गेल्या दिवाळीत कॉलेजच्या रूममेटच्या घरी अहेरीला गेलो होतो. "हे कुठं आलं?" असं ऑफिसात तिघांनी विचारलं, आणि त्यातला एक चक्क नागपूरचा. असो. अहेरी म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, प्राणहितेजवळ. १९८२ साली चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख चांद्याचाच. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आष्टीला वैनगंगा ओलांडली की जंगल सुरू होतं ते संपायचं नावच घेत नाही. बाजारात एका दुकानात मराठी चालू असते, शेजारच्या दुकानात तेलुगू, आणि बाजाराला आलेली माणसं आपसात गोंडी नाहीतर माडिया बोलत असतात.

मित्राचे वडील, म्हणजे काका, रिटायर्ड शिक्षक. पेन्शनीत वेळ जात नाही म्हणून त्यांनी दोन संकरित गायी घेतल्या. (गोठ्याला तिकडे कोठा म्हणतात. माझ्या पुणेरी कानाला पहिले दोन दिवस धान्याचं कोठार ऐकू येत होतं.) नेमकी वसुबारसेच्या पहाटे त्यातली एक व्याली. कालवड झाली. काकू म्हणाल्या, "लक्ष्मीच आली." संध्याकाळी रीतसर गाय-वासराची पूजा झाली, काकूंचा उपास होता, घरात त्या दिवशी कुणी दूध-तुपाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र शिस्त सुरू. काकांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं की संकरित गाईला पान्हवायला वासरू लागत नाही, तेव्हा वासराला जन्मतःच तोडायचं आणि बादलीनं पाजायचं. मी कौतुकानं बघत होतो. काका वासराच्या तोंडात बोट देत, ते चोखायला लागलं की हळूच त्याचं तोंड बादलीत नेत. दोन मिनिटांत बादली साफ! मला ते फारच एफिशियंट वाटलं. मग त्या नव्या वासराला आधीच्या महिनाभराच्या गोऱ्ह्याशेजारी बांधलं जायचं. गोऱ्ह्याची बादली संपली की तो नव्या पाहुणीचा कान चोखायचा, शेपटी चोखायची आणि शेवटी पोटाखाली शिरून बेंबी. मी फोटो काढले. ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी 'सो क्यूट' म्हटलं.

नरक चतुर्दशीला खरवस झाला. पाहुणा पुण्याहून आलाय म्हटल्यावर खरवस व्हायलाच पाहिजे! गुळाचा, वेलची घातलेला. मी तीन वड्या खाल्ल्या, आणि खोटं कशाला बोलू, चौथीही मागितली.

काकांकडे गवत कापून आणायला एक माडिया गृहस्थ येतात, साठीच्या आसपासचे, भामरागडच्या रस्त्याला आतमध्ये त्यांचं गाव. काकूंनी त्यांच्यापुढे खरवसाची बशी धरली तर त्यांनी हसून मान हलवली. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या गावाकडे गायी आहेत का?"

"आहेत ना जी. लय आहेत."

"मग दूध किती देतात?"

"दूध काढत नाही आमी. ते वासराचं असते."

एवढंच. उपदेश नाही, काही नाही. विळा उचलला आणि गेले. मला वाटलं, नवसाचं वगैरे काहीतरी असेल.

पुण्याला परत आल्यावर काही दिवसांनी मित्राचा फोन आला. बोलण्याच्या ओघात म्हणाला, "अरे, ती वसुबारसेची कालवड गेली." बेंबी पिकली होती, मग ताप, मग पायाचे सांधे सुजले. डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शनं झाली, पण उपयोग झाला नाही. अठराव्या दिवशी गेली.

त्या शनिवारी मी वाचायला बसलो, आणि मग बरेच शनिवार त्यात गेले.

पहिलं 'का' लगेच सुटलं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. गाईच्या वारेतून ती जवळजवळ जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याची पाटी कोरी असते. सगळं संरक्षण असतं ते चिकात, आणि वासराचं आतडं ते जसंच्या तसं रक्तात घेऊ शकतं फक्त पहिला दिवसभर. त्यातही पहिले काही तास महत्त्वाचे, नंतर दार मिटत जातं. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोघांनी काही वासरांना चीक पाजला आणि काहींना पाजला नाही. पाजलेली तगली, न पाजलेल्यांपैकी बहुतेक मेली. आता नियम असा सांगतात की वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. आमच्या कालवडीला पहिल्या दिवशी किती मिळाला? कुणी मोजला नव्हता. खरवसासाठी किती काढून ठेवला ते मात्र काकूंना नेमकं आठवत होतं.

दुसरं 'का' म्हणजे तो गोऱ्हा. मला वाटलं होतं तो भुकेला असेल. नव्हता. कॅनडातल्या अ‍ॅन मारी द पासिले आणि जेफ्री रशेन यांनी १९९० च्या दशकात वासरांच्या चोखण्यावर बरंच काम केलं, त्यातली गंमत अशी: दुधाची चव जिभेला लागली की चोखायची ऊर्मी उठते, आणि पोट भरलं तरी ती तशीच राहते. दहा-एक मिनिटांनी ती आपोआप ओसरते. आईला पिणारं वासरू एका वेळी साधारण तेवढाच वेळ लुचत असतं, म्हणजे दूध आणि ऊर्मी बरोबर संपतात. बादलीत दूध दोन मिनिटांत संपतं. उरलेली आठ मिनिटं? ती शेजाऱ्याच्या कानावर, शेपटीवर, बेंबीवर. ओली बेंबी चोखली की जंतूंना आत रस्ता मिळतो. मोठेपणी हीच सवय राहिली तर कालवडी एकमेकींचे सड चोखतात आणि कास खराब होते. याच लोकांनी हेही दाखवलं की दूध संपल्यावर नुसतं कोरडं निपल चोखायला दिलं तरी वासराच्या शरीरात पचनाची संप्रेरकं वाढतात. म्हणजे चोखणं हा लहान पोराचा नुसता चाळा नव्हे, तो जेवणाचाच भाग आहे. आपण जेवणाचं डिझाइन बदललं आणि अर्धं फीचर कापून टाकलं.

पण खरं 'का' तिसरं. वासराच्या तोंडात आणि सडात माणूस शिरला कधी? इथून पुढे इतिहास. चहा घेऊन बसा.

कैरोच्या म्युझियममध्ये कावित नावाच्या राजस्त्रीची दगडी शवपेटी आहे, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची, देर अल-बहारीला सापडलेली. तिच्यावर एक गाय कोरली आहे. एक माणूस धार काढतोय, वासरू गाईच्या पुढच्या पायाला बांधलंय, आणि गाईच्या डोळ्यातून अश्रू ओघळतोय. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला हे दिसलं होतं, आणि राजघराण्याच्या शवपेटीवर कोरावंसंही वाटलं होतं.

वासरू बांधलंय ते कशासाठी? तर त्याच्याशिवाय गाय दूध सोडत नाही. वासराचा स्पर्श, वास, नुसतं दिसणं, यानं गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून कासेत पोचतं आणि दूध खाली उतरतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. हे सगळं मिनिटाभरात होतं आणि काही मिनिटांतच ओसरतं. गाय घाबरली तर होतच नाही. देशी गायी आणि म्हशी याबाबत फार पक्क्या. म्हणून पद्धत अशी की वासरू सोडायचं, चार ढुशा मारू द्यायच्या, पान्हा आला की ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. शेवटी पुन्हा सोडायचं. वासरू रानात चोरून पिऊ नये म्हणून तोंडाला मुसकं. काही ठिकाणी मुसक्याला काटे, म्हणजे वासरू लुचायला गेलं की काटे गाईला टोचतात आणि आईच त्याला लाथ मारते! हे ज्यानं शोधून काढलं तो डोक्यानं हुशार होता, एवढंच म्हणतो.

आता आपली भाषा बघा. गाय वासरासाठी दूध वर ओढून धरते तेव्हा आपण काय म्हणतो? 'गाईनं पान्हा चोरला.' दूध तिचं, वासरू तिचं, आणि चोरही तीच!

मात्र आपल्याच जुन्या लोकांना हा मामला टोचत होता याचेही पुरावे आहेत. मनुस्मृतीत व्यायल्यानंतर दहा दिवसांच्या आतलं आणि वासरू नसलेल्या गाईचं दूध निषिद्ध आहे. (दहा दिवस! म्हणजे खरवस बाद. हे मला तीन वड्या खाल्ल्यावर कळलं.) कौटिल्याचं अर्थशास्त्र तर थेट प्रशासकीय भाषेत बोलतं: पावसाळा, शरद आणि हेमंतात दोन वेळा धार काढा, शिशिर, वसंत आणि उन्हाळ्यात एकच वेळ. चारा कमी असताना दुसऱ्यांदा काढली तर शिक्षा काय, तर अंगठा तोडणे. ज्या अंगठ्यानं धार काढली तोच.

आणि आपली वसुबारस. कहाणी आठवतेय? सासू शेतात जाताना सुनेला 'गव्हाळं-मुगाळं शिजवून ठेव' सांगून जाते. घरातल्या वासरांची नावं तीच असतात. सून वासरंच कापते. संध्याकाळी गाय रानातून हंबरत येते आणि वासरं नसतात. लहानपणी ही कहाणी ऐकताना मला फक्त भीती वाटायची. आता वाटतं, पाजायला आलेली आई आणि रिकामं दावं, हे चित्र ज्या समाजानं दरवर्षी स्वतःला ऐकवलं त्याच्या मनात काहीतरी सलत असणार. एक दिवस का होईना, दूध-तूप बंद.

वासरू मेलं तर? तर मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि तो भोत गाईपुढे ठेवायचा. गाय त्याला चाटते आणि पान्हवते. मला वाटायचं ही आपलीच अक्कल. पण स्कॉटलंडातही हाच प्रकार होता, त्याला ते लोक 'तुल्कन' म्हणत. १५७२ नंतर तिथल्या सरदारांनी चर्चचं उत्पन्न स्वतःकडे वळवायला नामधारी बिशप नेमले, तर लोकांनी त्यांचं नाव 'तुल्कन बिशप' ठेवलं. पेंढ्याचं वासरू पुढे, दूध तिसऱ्याच्या भांड्यात. (असे मॅनेजर मीही पाहिलेत. नावं विचारू नका.)

याहून वाईट प्रकार म्हणजे फुका. गाईच्या योनीत नळीनं किंवा तोंडानं हवा फुंकून पान्हा सोडायला लावायचं. शक लोक घोड्यांच्या बाबतीत असं करत असल्याचं हेरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. कलकत्त्याच्या गवळीवाड्यांत हे चालतं असं गांधीजींच्या वाचनात आलं आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूधच सोडलं. पुढे मरणाच्या दारातून परत येताना कस्तुरबांनी शेळीच्या दुधावर तडजोड घडवून आणली. ती पळवाट होती, हे गांधीजींनी स्वतःच प्रांजळपणे कबूल केलंय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात फुका नाव घेऊन गुन्हा आहे, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी इंजेक्शनंही त्याच कलमात. इंजेक्शन म्हणजे अर्थात ऑक्सिटोसिन. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. बाळंतपणात रक्तस्राव थांबवून लाखो बायकांचे जीव वाचवणारं हे औषध आपल्याकडे तबेल्यांतही पोचलं. २०१८ साली केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना त्याचं उत्पादन बंद करायला सांगितलं, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं ती बंदी रद्द केली. बाळंतिणींसाठी औषध कमी पडेल, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

या सगळ्यावर 'स्वच्छ' उपाय वाटला तो संकरित गाईचा. युरोपातल्या होल्स्टीन-जर्सीची पिढ्यानपिढ्या निवड अशी झालेली की वासराशिवाय त्या दूध सोडतात. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, १९७० पासून ऑपरेशन फ्लड आलं, आणि महाराष्ट्रातल्या लहान शेतकऱ्याच्या दारात संकरित गाय उभी राहिली. ते पैसे किती घरांच्या कामी आले हे मी नाकारत नाही, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या फिया दुधावर भरल्या गेल्या. पण या गाईनं वासराला त्या सौद्यातून बाहेर काढलं. पूर्वी त्याला बांधलं, मुसकं घातलं, तरी ते लागायचं. पान्ह्याची किल्ली त्याच्या तोंडात होती. म्हणून दोन सड त्याला ठेवा, शेवटचं दूध त्याला सोडा, अशी तडजोड व्हायची. किल्लीच बदलल्यावर तडजोड कोण करतो? उरली ती बादली.

आणि हे सगळं घडलं कुठं? अहेरीत. म्हणून ते गवतवाले गृहस्थ माझ्या डोक्यातून जात नाहीत. फ्रेडरिक सिमून्स नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९७० मध्ये दक्षिण आशियात दूध काढण्याची पारंपरिक सीमा कुठून जाते यावर लिहिलं. मध्य आणि पूर्व भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत, आणि तिथून पूर्वेला पार चीनपर्यंत, गुरं आहेत पण दूध काढायची रीत नव्हती. अहेरीच्या पश्चिमेला वर्धा-नागपूरची गवळाऊ गाय आणि दूधतुपाचा मुलूख, पूर्वेला भामरागड-अबुझमाड. म्हणजे मी ज्या कोठ्यात उभा होतो तिथून ती सीमा फार लांब नव्हती.

याचं उगाच काव्य करायला नको. इथली कठाणी गाय (हिला स्वतंत्र जात म्हणून नोंद आता कुठं २०२३ च्या सुमारास मिळाली) आकारानं लहान, दूध अगदी थोडं. तिचं मोल आहे ते धानाच्या बांधीत नांगर ओढणाऱ्या बैलासाठी. वासरानं सगळं दूध प्यालं तर बैल धड होणार. हा सरळ हिशोब आहे. शिवाय मोठेपणी दूध पचवायचं जनुक भारतात वायव्येकडे जास्त आणि पूर्व-दक्षिणेकडे कमी आढळतं, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. आणि बदलही होतोय, अहेरीच्या चहाच्या टपऱ्या काही काळ्या चहावर चालत नाहीत. 'इकडे कुपोषण आणि लोक दूध वाया घालवतात' असं मीही एकदा ऐकलंय, मान डोलावलीय. आता डोलावणार नाही. वासराच्या पोटात गेलेलं दूध वाया कसं जातं?

मग निष्कर्ष काय, दूध सोडायचं? मी सोडलेलं नाही. हा लेख लिहितानाही दोन कप झालेत. मला जे उमगलं ते एवढंच की खरा प्रश्न रांगेचा आहे. संकरित गाय वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते, दोघांचंही भागतं. फक्त पहिला नंबर कुणाचा हे ठरलेलं पाहिजे. आम्ही रांग मोडली होती.

काकांना हे फोनवर सांगायला मला दोन आठवडे लागले. त्यांच्या कोठ्यात जाऊन, त्यांचाच खरवस खाऊन, वर त्यांनाच शिकवायचं! शेवटी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहीत लिहून घेतो, थांब." शिक्षक शेवटी.

मागच्या महिन्यात दुसरी गाय व्याली. काकांनी बेंबी आयोडिनमध्ये बुडवली, तासाभरात वासराला आईखालीच चीक पाजला, तीन दिवस आईपाशी ठेवलं. मग निपलची बादली, दूध संपलं तरी निपल तोंडात राहू देतात, नंतर तोंड पुसून मूठभर सुकं गवत, आणि पाव तास बाकी वासरांपासून लांब. अजून तरी कुणी कुणाचा कान चोखलेला नाही, असं मित्र सांगतो.

काकूंनी खरवस कुरिअर करू का म्हणून विचारलं. मी विचारलं, "वासराचं झालं का?"

"त्याचं पोट भरून उरलेला आहे बाबा," काकू म्हणाल्या, "तुझ्या काकांनी मापानं मोजूनच दिला मला."

मग हो म्हणालो.